पाहुणचार यादीत नव्हता

यादीत सहा मूल्ये होती. आमच्या मुलीच्या गटाला सातवे मिळाले.

प्रकल्प युरोपातला होता. तिथल्या दक्षिणेकडच्या एका लहान गावातली कलासंस्था दर उन्हाळ्यात शाळकरी मुलांचे शिबिर भरवत असे. साथीच्या पहिल्या वर्षी ते रद्द झाले आणि संगणकाच्या पडद्यावर आले. पडद्यावर आले म्हणूनच मेलबर्नच्या टार्निट या उपनगराच्या बाजूच्या एका सरकारी शाळेतल्या सहा मुलांना त्यात जागा मिळाली. विषय होता युरोपची मूल्ये आणि आपलेपणा. चार शाळा युरोपातल्या, पाचवी आमची. संस्थेच्या पत्रात आमच्या शाळेचे वर्णन 'बाहेरून पाहणारे डोळे' असे केले होते.

काम सोपे होते. सर्वांनी मिळून एक लांबलचक टेबलक्लॉथ तयार करायचा. प्रत्येक मुलाला पांढऱ्या सुती कापडाचा एक चौकोन टपालाने मिळणार होता. त्यावर त्याने टेबलावरची आपली जागा शिवायची किंवा रंगवायची. ताट, पेला, चमचा, जे वाटेल ते. चौकोन टपालानेच युरोपात परत जाणार, तिथे एका ओळीत जोडले जाणार आणि तीसेक जणांची एक पंगत तयार होणार. प्रत्येक जागेखाली त्या मुलाने लिहिलेला छोटा मजकूर. कोणी कोणाशेजारी बसायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरायचे होते.

मूल्ये मात्र चिठ्ठ्या टाकून वाटली नव्हती. मानवी प्रतिष्ठा, स्वातंत्र्य, लोकशाही, समता, कायद्याचे राज्य आणि मानवी हक्क ही युरोपीय संघाच्या करारातली सहा युरोपातल्या चार शाळांनी आपसात वाटून घेतली होती. आमच्या शाळेच्या नावापुढे लिहिले होते, पाहुणचार.

मुलगी पंधरा वर्षांची होती. स्वयंपाकघरातल्या बेंचवर लॅपटॉप ठेवून तिने ते दोनदा वाचले.

"मम्मा, लिस्टमध्ये हॉस्पिटॅलिटी नाहीच आहे."

"मग?"

"मग आम्हाला कुठून दिली? दे जस्ट मेड इट अप."

पलीकडे माझी आई मेथी निवडत होती. हॉस्पिटॅलिटीला मराठीत काय म्हणतात ते मी तिला सांगितले.

"पाहुणचार? म्हणजे हिने वाढायचं का जेवायचं?" आईने विचारले.

"डोन्ट नो, आजी."

"विचारून घे. वाढप्यांना पंगतीत जागा नसते."

आई त्या वर्षीच्या फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी मेलबर्नला आली होती. मार्चमध्ये सीमा बंद झाल्या आणि ती इथेच राहिली. तिने मराठवाड्यातल्या सरकारी दवाखान्यांत छत्तीस वर्षे नर्स म्हणून काढली होती. राज्याच्या प्रमुखांची रोजची पत्रकार परिषद ती न चुकता बघे. इंग्रजी सगळे कळत नसे, पण मागे उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांवर तिचे लक्ष असे. "त्याचं नाक बाहेर आहे," ती टीव्हीला सांगे. घरापासून पाच किलोमीटरच्या आत राहायचे, दिवसातून एक तास बाहेर पडायचे, हे नियम तिने आमच्याआधी पाठ केले होते. नवरा गोदामात शिफ्टला जाई. मी घरून काम करी. सरकारी आरोग्यसूचनांचे मराठीकरण हे ते काम. त्याआधी मी अकरा वर्षे एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर उपसंपादक होते.

मुलीने कलाशिक्षिकेला मेल लिहिला. आम्हाला समता हवी आहे, कारण ती यादीत आहे आणि पाहुणचार नाही, एवढाच मजकूर. बाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या. "नो वरीज, विचारते," असे उत्तर अर्ध्या तासात आले. संस्थेच्या संयोजिकेचे उत्तर यायला चार दिवस लागले. समता उत्तरेकडच्या एका शाळेला दिली आहे, ती आता काढून घेता येणार नाही, असे तिने लिहिले होते. ऑस्ट्रेलियाच्या गटाकडून तिची अपेक्षा वेगळी होती. त्या मुलांच्या घरांतल्या समृद्ध खाद्यसंस्कृतीचा रंग टेबलावर यावा. नमुना म्हणून तिने गटातल्याच एका मुलीच्या कच्च्या चित्राचे कौतुक केले होते. केळीचे पान, उकडीचे मोदक, कडेने रांगोळी.

ती मुलगीही मराठीच. तिचे आईवडील आमच्या इथल्या मराठी मंडळातले, तीन गल्ल्या सोडून राहणारे. चित्र खरोखर चांगले होते.

"मी पण मोदक काढू का?" आमच्या मुलीने विचारले. स्वर विचारण्याचा नव्हता.

"काढ की. आपल्याकडे कुठं होतात पण?" आई म्हणाली.

"एक्झॅक्टली."

ती समताच करणार होती, कोणी देवो न देवो. फक्त टेबलावर समता कशी दाखवायची ते तिला सुचत नव्हते. तिने तराजू काढला आणि फाडला. वेगवेगळ्या रंगांचे हात काढले आणि तेही फाडले. "सगळ्या पोस्टर्सवर हेच असतं," ती म्हणाली. मग एका रविवारी जेवताना तिने आईला सरळ विचारले, "आजी, तुला कधी कोणी टेबलवर बसू दिलं नाही, असं झालंय?"

"टेबलवर बसू द्यायचे. कप वेगळा होता."

या गोष्टीचा पहिला भाग मला माहीत होता. दुसरा नव्हता.

आमचे घर बौद्ध. आई पाच वर्षांची असताना तिच्या घराने दीक्षा घेतली, त्याआधीची जात महार. नर्सिंग पूर्ण करून ती एका तालुक्याच्या दवाखान्यात रुजू झाली तेव्हा वीस-एकवीस वर्षांची होती. तिथे नर्सेसच्या खोलीत दहा कप होते, चिनीमातीचे, पांढरे, सरकारी. नऊ फळीवर ठेवलेले असत. दहावा खिडकीशेजारच्या खिळ्याला टांगलेला असे आणि त्याच्या कानाला चिकटपट्टी गुंडाळलेली असे. जखमेवर लावतात ती.

"सांगितलं कोणी, की हा तुझा?" मुलीने विचारले.

"सांगत नाहीत गं. कळतं."

"तू काय केलंस?"

"धुताना पट्टी सुटायची. मला वाटायचं, आता नाही लावणार कोणी. दोन दिवसांनी परत नवी. नीट कापलेली, कडा सरळ. म्हणजे बघ, ड्रेसिंगला पट्टी पुरत नव्हती आणि कपाला मिळायची."

"कोण लावायचं?"

"दिसलं नाही कधी. सगळ्या माझ्याशी चांगल्याच बोलायच्या. एकीनं तर मला स्वेटर विणून दिला होता."

मुलगी खायची थांबली होती. "अँड देन?"

"मग एके दिवशी माझी सकाळची ड्युटी होती. मी तासभर आधी गेले. पट्टीचं नवं रीळ काढलं आणि सगळ्या कपांच्या कानांना पट्ट्या लावल्या. दहाच्या दहा. कडा सरळ कापून. आणि दहाही कप फळीवर ठेवले."

"नो वे."

"चहाची वेळ झाली. कपाला कोणी हात लावेना. कोणता कोणाचा, कळेना ना. शेवटी मेट्रन आल्या. म्हणाल्या, हे कोणी केलं? मी म्हटलं, पहिल्या कपाला ज्यानं केलं त्यालाच विचारा."

मुलगी खुर्चीवरून उठून उभी राहिली, पुन्हा बसली. "आजी! यू आर अ लेजंड."

"लेजंड कसली. दोन महिन्यांत बदली झाली. चाळीस किलोमीटर आत, जिथं बस जात नव्हती." आईने ताटातला शेवटचा घास संपवला. "पण त्या दोन महिन्यांत पट्टी नाही दिसली परत."

मी म्हटले, "मला हे कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस. तू कप वेगळा होता एवढ्यावरच रडायला लागायचीस लहानपणी."

चौकोनावर काय येणार ते त्या दिवशी ठरले. दहा कप, एका ओळीत, शेजारी शेजारी. ताट नाही. कप पांढऱ्या कापडाचे कापून पांढऱ्यावरच शिवायचे, म्हणजे जवळून पाहिल्याशिवाय दिसणार नाहीत. दिसतील त्या फक्त पट्ट्या. आईच्या पर्समध्ये चिकटपट्टीचे एक रीळ कायम असते. तेच वापरायचे ठरले.

मुलीला शिवता येत नव्हते. पहिला कप तिने एका लांब धाग्याने गोल फिरवत शिवला आणि कापड गोळा झाले. आईने ते उसवायला लावले. आईलाही कशिदा येत नव्हता. येत होते ते जखमेचे टाके. प्रत्येक टाका सुटा, प्रत्येकाला स्वतंत्र गाठ. "एक तुटला तर बाकीचे धरून ठेवतात," तिने दाखवले. एका कपाला चाळीसच्या वर टाके लागले. ऑगस्टचे तीन आठवडे त्यात गेले. शाळा पडद्यावर, बाहेर जाणे बंद, आणि दुपारभर दोघी खिडकीशी बसून गाठी मारत. "आजी, माय फिंगर्स आर डेड," असे मुलगी तासातासाला म्हणे. "बोट दाखव," आई म्हणे, बघे आणि सांगे, "मेलेलं नाही."

मग मजकुराची वेळ आली. मुलीने इंग्रजीत लिहिला आणि ग्रामर बघ म्हणून मला पाठवला. मराठीत तो असा होईल:

'माझी आजी नर्स होती. ती महार होती म्हणून दवाखान्यात तिच्या कपाला चिकटपट्टी लावत. लावणाऱ्या तिच्या मैत्रिणी होत्या. एके सकाळी माझ्या आजीने सगळ्या कपांना पट्ट्या लावल्या. मग कोणालाच आपला कप ओळखता आला नाही. मी तिची नात आहे. तुम्ही मला पाहुणचार दिलात. मी समता घेते आहे. मी या टेबलावर पाहुणी नाही.'

मी तो चार मिनिटांत दुरुस्त केला. माझ्या दुरुस्तीनंतर मराठीत असा होईल:

'एकेकाळी भारतातील एका रुग्णालयात विशिष्ट समाजातील परिचारिकेसाठी वेगळा कप ठेवला जात असे. पुढे ही प्रथा संपुष्टात आली. ही कलाकृती समतेच्या शोधाचे प्रतीक आहे.'

डेस्कवर हे आम्ही रोज करत होतो. बातमीत 'मी' राहू द्यायचा नाही. जातीचे नाव लिहायचे नाही, 'विशिष्ट समाज' लिहायचे. मारहाण झाली तर ती 'दोन गटांत' झालेली असे. नवीन आलेल्या वार्ताहरांना मी स्वतः हे शिकवले होते. हात सवयीने चालला, असे म्हणता येईल. पूर्ण खरे ते नाही. गटात दुसरे मराठी घर आहे, हे कळ दाबताना मला माहीत होते.

मुलीने फाइल न उघडता पुढे पाठवली. तिचा माझ्यावर विश्वास होता. दुसऱ्याच दिवशी संयोजिकेचे उत्तर आले. मजकूर सुंदर आणि वैश्विक आहे, तो पाहुणचाराच्या नावाखालीही छान बसेल, छपाईला दिला आहे.

'वैश्विक' या शब्दाने मुलीला शंका आली. तिने फाइल उघडली. मी सूचनापत्रकाचे काम करत होते तिथे ती लॅपटॉप घेऊन आली.

"हे काय आहे?"

"थोडं एडिट केलंय."

"आजी कुठे गेली?"

मी समोरच्या सूचनापत्रकाकडे वळले.

"नो, सीरियसली. आजी कुठे गेली यातून? मी कुठे गेले? सर्टन कम्युनिटी म्हणजे कोण? हे तर त्या नर्सेसनीच लिहिल्यासारखं आहे."

आई बाहेरच्या खोलीतून आली. "वाच बरं," ती म्हणाली. मी वाचून दाखवले. तिने शेवटपर्यंत ऐकले.

"'संपुष्टात आली' का? अस्सं. मग माझी बदली कशाला झाली? प्रथा आपोआप संपली तर मला धूळ खायला पाठवायचं काय कारण?" मग मुलीकडे वळून, "तुझी आई पेपरमध्ये होती ना, तिला माणसं काढायची सवय आहे."

"आई, इथे लोक आहेत," मी म्हटले. "मंडळातले. तिच्या वर्गातली मुलगी आहे. सहा वर्षं इथे कोणाला माहीत नाही."

आमचे आडनाव गावावरून आलेले. त्यातून काही कळत नाही. मंडळात नव्याने ओळख झाली की लोक 'मूळचे कुठले' विचारत, मग 'म्हणजे नेमके कोणते', मग आडनाव 'त्यांच्यातले का' असे. मी शहराचे नाव सांगून विषय बदलत असे. मुलीला यातले काही सांगितले नव्हते, आणि तिने सगळे पाहिले होते.

"तू घाबरतेस?" तिने विचारले.

"हो."

"ओके," ती म्हणाली. "मी नाही."

पडद्यावरची शेवटची बैठक सप्टेंबरमधल्या एका शनिवारी झाली. आमच्याकडे संध्याकाळचे सहा, तिकडे सकाळचे दहा. प्रत्येकाने आपला चौकोन दाखवून दोन मिनिटे बोलायचे. आमचे चौकोन त्याआधीच टपालाने निघाले होते, म्हणून मुलीने फोटो दाखवला. पालकांनी कॅमेऱ्यात यायचे नव्हते. आई आणि मी पडद्यामागे, भिंतीशी दोन खुर्च्या टाकून बसलो. मोदकवाली मुलगी आधी बोलली, नीट आणि थोडक्यात. मग आमची.

छापायला गेलेला मजकूर माझा नाही, असे सांगून तिने सुरुवात केली. मग आपला वाचला. पाठ होता, तरी कागद हातात धरला होता. शेवटचे वाक्य तिने कागद खाली ठेवून म्हटले.

संयोजिका सौम्य बाई होती. तिने काम फार आवडल्याचे सांगितले. मजकूर मात्र मंजूर होऊन गेला आहे. शिवाय हा प्रसंग भारतातला आहे आणि प्रकल्प युरोपच्या मूल्यांचा. आणि वापरलेला शब्द काही सहभागी कुटुंबांना अडचणीचा वाटू शकेल. असे तीन मुद्दे, याच क्रमाने.

"मग माझं काही छापू नका," मुलगी म्हणाली. "कप लेबलशिवाय ठेवा. पण ते दुसरं लेबल माझ्या कपाखाली लावायचं नाही. त्यात माझी आजी नाही." मग, "आणि समता फक्त युरोपची असेल तर तसं यादीत लिहा. तिथे तसं लिहिलेलं नाही, मी तीनदा वाचली."

कोणीतरी माइक बंद करायला विसरले होते. मागे भांड्यांचा आवाज येत होता. संयोजिका पुढच्या मुलाचे नाव घेणार तेवढ्यात पूर्व युरोपातल्या शाळेतली एक मुलगी बोलायला लागली. तिची पाळी होऊन गेली होती. इंग्रजी अडखळत होते.

"आमच्या शाळेत रोमा मुलं वेगळ्या टेबलावर जेवतात," ती म्हणाली. "असा नियम नाही. पण टेबल वेगळं आहे. कळतं. हे इंडियात नाही. मी रोज त्याच्या बाजूने जाते." मग, "मला लोकशाही मिळाली होती. मी मतपेटी काढली. ते टेबल मी काढलं नाही."

आईला इंग्रजी सगळे कळत नव्हते. तिने माझ्या दंडाला हात लावून विचारले, "ही काय म्हणते?" मी कुजबुजत सांगितले, रोमा म्हणजे तिकडे भटके म्हणून हिणवले जाणारे लोक, हेही. आई पडद्याकडे बघत राहिली. "कुठली आहे पोरगी?" मी देशाचे नाव सांगितले. "तिथंही?" ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "असणारच."

आठवड्याने पत्र आले. कप समतेच्या नावाखाली जातील. मजकूर मुलीचाच राहील, पण तो लांब आहे. शब्दमर्यादा पाळून तो लहान करावा.

मुलीने तो पुन्हा माझ्याकडे आणला. "कट कर," ती म्हणाली. "यू आर गुड अ‍ॅट इट. पण मी इथेच उभी आहे."

ती खुर्चीमागे उभी राहिली. मी कापला. काय गेले आणि काय राहिले ते तिने ओळीओळीला पाहिले. पाहुणचाराचे वाक्य गेले. तिने थोडी हुज्जत घातली आणि सोडले. 'महार' राहिला, 'माझ्या आजीने' राहिले, 'लावणाऱ्या तिच्या मैत्रिणी होत्या' हे राहिले. त्या दिवसापर्यंत मी जे काही संपादित केले होते त्यात हे सर्वांत सावकाश झाले.

नोव्हेंबर आला तोवर मेलबर्न उघडले होते आणि युरोप पुन्हा बंद झाला होता. तिथल्या गावात प्रदर्शन भरवता येईना, म्हणून संस्थेने तयार टेबलक्लॉथ वाचनालयाच्या रस्त्याकडच्या काचेत आडवा टांगला. येणारे-जाणारे बाहेरून बघत. फोटो आले. आमच्या शाळेने ते मजकुरांसह आपल्या पत्रिकेत घातले आणि पत्रिका सगळ्या घरांत गेली. चिठ्ठ्यांमध्ये आमच्या मुलीशेजारची जागा मोदकवाल्या मुलीला मिळाली होती. दहा कप आणि त्याला लागून केळीचे पान.

फोन त्याच दुपारी आला. त्या मुलीची आई. सहा वर्षे ती मला 'अगं' म्हणत आली होती.

"तुम्ही हे आधी सांगायला हवं होतं," ती म्हणाली.

"काय सांगायला हवं होतं?"

"हेच. म्हणजे... आम्ही काही मानत नाही हो. आमच्याकडे कधीच नव्हतं असलं. पण मुलांना कशाला? इथे येऊन मुलांना हे काही माहीतच नाही. तुम्ही लोकच ते घेऊन येता."

"तुम्ही लोक म्हणजे कोण?"

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तुम्ही तीनदा आडनाव विचारलंत," मी म्हटले. "तेव्हा तुम्हाला काय हवं होतं ते मला माहीत होतं. आता मिळालं."

"हे बघा, मला भांडायचं नाही. माझ्या मुलीचं काम तिच्या कामाला चिकटून आहे. लोक फोटो बघतात, इंडियात नातेवाईक बघतात. त्यांना वाटेल आमच्या मुलीचाही काही संबंध आहे. तुम्ही त्यांना सांगून तुमचं जरा बाजूला घ्यायला लावा."

मी डेस्कवर असते तर हे वाक्य मी दोन गटांत घालून छापले असते. मी म्हटले, "आमचं आहे तिथेच राहील. तुम्हाला तुमचं हलवायचं असेल तर तुम्ही लिहा."

तिने लिहिले. संस्थेने जागा बदलायला नकार दिला, कारण क्रम चिठ्ठ्यांचा होता. तेव्हा तिने पालक म्हणून परवानगीच काढून घेतली. मूल सतरा वर्षांचे होईपर्यंत तो अधिकार पालकांचा, असे नियमात होते. मोदकांचा चौकोन उसवला गेला.

मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मी मुलीच्या मजकुराचे मराठी स्वतः टाकले, फोटोसह. दोन जण गटातून बाहेर पडले. कधी न बोलणाऱ्या एका जुन्या सभासदाने खाजगीत लिहिले, 'आम्हीही.' एवढाच शब्द. मग कोणीतरी दिवाळीच्या फराळाची ऑर्डर टाकली आणि गट पुढे गेला. आईने विचारले, "काही बोललं का कोणी?" मी सांगितले. "दोनच गेले?" ती म्हणाली. "बरं आहे मग इथं."

संयोजिकेचा मेल आमच्या मुलीला आला, थेट तिच्या नावाने. तिची भाषा बदलली होती. शेजारची जागा रिकामी झाली आहे, ते विचित्र दिसते, लोक काचेबाहेरून विचारतात. बाकीचे चौकोन सरकवून ओळ जोडून घेऊ का, असा प्रश्न होता. तुझ्या कामाला लागून आहे म्हणून तुझे मत हवे.

मुलीने लगेच उत्तर दिले नाही. तिने आधी त्या दुसऱ्या मुलीला मेसेज केला. दोघी वर्गात बोलत होत्या, घरी बोलायची बंदी होती. उत्तर यायला बराच वेळ लागला. मुलीने ते मला दाखवले. मराठीत सांगायचे तर: माझी जागा भरू नकोस. मम् इज मम्. मी आत्ता काही करू शकत नाही.

मग मुलीने संयोजिकेला लिहिले. पाठवण्याआधी मला वाचायला दिले. तपासायला नाही, वाचायला. इंग्रजीत दोन ओळी होत्या. ओळ जोडू नका. इथे कोणीतरी बसले होते आणि त्याला उठवले, ते दिसू द्या.

शेवटचा फोटो डिसेंबरात आला. काचेतल्या लांब पांढऱ्या पंगतीत एका चौकोनाएवढी फट आहे आणि तिच्यातून वाचनालयाची आतली मांडणी दिसते. फटीखालचे लेबल काढलेले नाही. त्यावर फक्त नाव आणि वय आहे. त्याच्या डावीकडे दहा कप आहेत.